वाचकांचे प्रश्न : हात मागे ठेवून शिकवायचं

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी एक ओळ लिहिली होती, की घरातल्या मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायचा असेल तर आधी स्वतःचे हात पाठीमागे बांधून बसा. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. मी गोव्यात फोंड्याला बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास घेतला, त्यात शाळेतली मुलं होती तशी साठी ओलांडलेली माणसंही होती, त्यामुळे विषय जवळचा आहे आणि काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझे बाबा खाणीच्या ट्रकवर होते. २०१८ला खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक विकला, आता एका दुकानात हिशोब बघतात आणि मालकाने सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून बिलं कॉम्प्युटरवर करायची. मी त्यांना रोज रात्री जेवणं झाल्यावर माझ्या लॅपटॉपवर शिकवते. पण रोज तेच तेच विचारतात. परवा मी ओरडले, "बाबा किती वेळा सांगू, इतकं सोपं आहे", तर ते काही न बोलता उठून बाहेर पडवीत जाऊन बसले. तेव्हापासून लॅपटॉपला हात लावला नाही. काय करू? (कॉलेजमधली मुलगी, डिचोली)

उत्तर : आधी आज संध्याकाळी पडवीत त्यांच्या शेजारी जाऊन बस आणि "परवा मी ओरडले, माझं चुकलं" एवढं सांग. लॅपटॉप बरोबर नेऊ नकोस. मुलीसमोर आपल्याला काही येत नाही हे बापाला किती लागतं ते तुला आत्ता कळणार नाही, पण लागतं.

आता तो 'सोपं' शब्द. तू धीर द्यायला म्हणतेस ना, की सोपं आहे हो बाबा, पण समोरच्याला ते जमत नसतं तेव्हा त्याला एवढंच ऐकू येतं की सोपी गोष्टसुद्धा मला येत नाही. मी क्लासमध्ये हा शब्द वापरणं बंद केलं. त्याऐवजी खरं ते सांगायचे, "हे सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, हाताला बसायला आठवडा दोन आठवडे लागतात." आणि ते खरंच आहे बघ. माउस टेबलावर आडवा पुढे सरकवायचा आणि बाण समोरच्या उभ्या स्क्रीनवर वर जाणार, हात एकीकडे, नजर दुसरीकडे. तू पाचसहा वर्षांची असताना हे शिकलीस म्हणून तुला ते जन्मजात वाटतं. टेबलाची कड आली की नवीन माणूस थांबतो, आता पुढे जागा नाही म्हणून, माउस उचलून परत मागे ठेवायचा आणि तोपर्यंत बाण जिथल्या तिथे राहतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, कारण सांगायचं असतं हेच शिकवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. माझ्या क्लासमध्ये एक काका तीन दिवस अंग वाकडं करून टेबलाच्या कडेला माउस दाबून बसायचे, मला चौथ्या दिवशी कळलं. डग्लस एंगलबार्टने माउस लोकांसमोर पहिल्यांदा चालवून दाखवला तो ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत, तेव्हा तिथे जमलेले कॉम्प्युटरवालेच होते आणि त्यांच्यासाठीसुद्धा ती नवी चीज होती. तेव्हा तुझ्या बाबांना आठवडा लागला तर बिघडलं काय.

बाबांना एक विचार. ट्रक कसा शिकलात? मला खात्री आहे ते सांगतील की आधी किती तरी दिवस क्लीनर म्हणून बाजूला बसलो, मग मोकळ्या मैदानात रिकामा ट्रक, मग रिकामा रस्त्यावर आणि मग कुठे भरलेला ट्रक नदीवरच्या जेटीपर्यंत. एकच रस्ता, रोज तोच. शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने मध्येच स्टिअरिंग खेचून घेतलं असतं तर ते शिकले असते का? हे त्यांच्या तोंडून ऐक आणि मग तसंच शिकव. तू आत्ता बहुतेक त्यांना एका दिवशी राइट क्लिक करून कॉपी दाखवतेस, दुसऱ्या दिवशी कंट्रोल सी, तिसऱ्या दिवशी वरच्या मेनूतून, कारण तुला सगळेच येतात आणि त्या क्षणी जो हाताशी आला तो तू वापरतेस. त्यांच्यासाठी ते तीन वेगळे गाव आहेत. एकच रस्ता ठरव आणि महिनाभर तोच. "रोज तेच विचारतात" याचं अर्धं कारण मला हेच वाटतं, उरलेलं अर्धं म्हणजे दिवसभर दुकानात उभं राहून, जेवून, डोळ्यावर झोप असताना तू त्यांना शिकवतेस. सकाळी चहानंतर वीस मिनिटं बसा.

आणि तुझे हात. आपल्याकडे जत्रेच्या नाटकांना विंगेत प्रॉम्प्टर असतो, तू बघितलं असशील, गावातलाच कोणीतरी संहिता घेऊन उभा. नट अडकला की तो लगेच ओरडत नाही, थोडा थांबतो, कारण पुष्कळदा नटाला आपलं आपण आठवतं आणि नाहीच आठवलं तर वाक्याचे पहिले दोन शब्द हळूच देतो. वाक्य नटानेच म्हणायचं. प्रॉम्प्टर काही रंगमंचावर येऊन भूमिका करत नाही. बाबा अडकले की मनात दहापर्यंत मोज, मग दोन शब्द दे, माउस त्यांच्याच हातात राहू दे. दहापर्यंत मोजणं फार लांब वाटतं, मला अजूनही वाटतं.

हे मी चूक करून शिकले म्हणून एवढं सांगतेय. म्हार्दोळची एक बाई यायची माझ्याकडे, देवळापाशी फुलं विकायची, मुलगा परदेशी बोटीवर होता आणि तिला त्याला ईमेल लिहायचं होतं. एकदा क्लास सुटायची वेळ झालेली, बाहेर पुढची बॅच उभी आणि ती पत्ता टाइप करताना एकेक अक्षर शोधत होती, मी तिच्या हातातला माउस घेतला, की-बोर्ड ओढला आणि दोन मिनिटांत ईमेल पाठवून दिलं. मला वाटलं मी मदत केली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. नंतर देवळात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, माझ्यामुळे तुमचा वेळ मोडत होता." तिला अजून आठवडाभर दिला असता तर तिने ते स्वतः पाठवलं असतं.

अजून दोन गोष्टी. एक, वही. त्यांची वही, त्यांचं अक्षर आणि त्यांचेच शब्द. तू लिहून देऊ नकोस. सेव्हच्या बटणावर ज्या फ्लॉपीचं चित्र असतं ती फ्लॉपी त्यांनी आयुष्यात बघितलेली नसेल, ते त्याला काय म्हणतील ते म्हणू देत, 'निळा चौकोन' म्हणतील तर वहीत निळा चौकोन. तूही बोलताना दिसतं ते बोल, "वर डावीकडे, दुसरं चित्र" असं, नुसतं "फाइलमध्ये जा" म्हटलं तर जायचं कुठे हे कळत नाही. दुसरं, कंट्रोल झेड पहिल्याच दिवशी शिकव. त्यांना अर्धं पान काहीबाही टाइप करायला सांग, मग सगळं सिलेक्ट करून डिलीट करायला लाव, मुद्दाम, आणि स्क्रीन कोरी झाली की कंट्रोल झेड दाबायला सांग. सगळं परत येतं. हे पाच सहा वेळा करू दे. "माझ्या हातून काहीतरी बिघडेल" ही भीती कितीही समजावलं तरी जात नाही, स्वतः बिघडवून स्वतः परत आणलं की बरीच जाते. फक्त जिथे परत येत नाही तेही सांग, सेव्ह न करता बंद केलं किंवा लाईट गेली तर गेलं, आणि दुकानातल्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा सेव्ह झालेलं बिल बहुतेक वेळा कंट्रोल झेडने मागे येत नाही, ते रद्द करायची वेगळी रीत असते, ती मालकाला विचारून वहीत लिहून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६७. आमच्या भागातल्या धालोची (बायका फेर धरून नाचतात त्याची) गाणी आणि माझ्या आईच्या ओव्या चार वह्यांत उतरवून ठेवल्यात, वह्यांना आता वाळवी लागायला लागलीय म्हणून कॉम्प्युटरवर लिहायच्या आहेत. मुलगा पणजीला आयटीत आहे, शनिवारी येतो, भराभर दाखवतो आणि जातो, तो गेला की मला काही आठवत नाही. की-बोर्डवर सगळी इंग्रजी अक्षरं. नात म्हणते आजी तू मोबाईलमध्ये बोल, तो आपोआप लिहितो. मला ते नको, मला माझ्या बोटांनी लिहायचंय. हा हट्ट आहे का? आणि या वयात जमेल का? (सत्तरी तालुका)

उत्तर : बाई, हट्ट मुळीच नाही, तुमचं म्हणणं बरोबर आहे. बोलून टाइप होतं ते प्रमाण मराठीला ठीक असतं पण धालोतले शब्द, आपल्या बोलीतली रूपं, आईने ओवीत जसा उच्चार केला तसा, हे त्या मशीनला माहीत नसतं आणि ते आपल्या मनाने जवळचा दुसरा शब्द घालून मोकळं होतं. तुम्ही शेवटी एकेक ओळ तपासतच बसणार. त्यापेक्षा बोटांनी लिहिलेलं बरं.

आणि तुमच्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे, जी तुमच्या मुलाला कदाचित ठाऊकच नसेल कारण तो इंग्रजीतच टाइप करत आलाय. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट नावाचा की-बोर्ड आहे, १९९१मध्ये तो भारत सरकारच्या मानकात आला आणि तो वर्णमालेवर रचलेला आहे. इंग्रजी स्पेलिंगशी त्याचा काही संबंध नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जिथे अल्पप्राण आहे तिथेच शिफ्ट दाबून महाप्राण, म्हणजे क च्या बटणावर शिफ्ट धरलं की ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. तुम्ही आयुष्यभर मुलांना हीच जोडी शिकवली की नाही? बत्तीस वर्षांच्या आयटीवाल्या मुलाला हे पाठ करावं लागेल, तुम्हाला अर्धं पाठच आहे.

विकत काही घ्यायचं नाही, विंडोजमध्ये सेटिंगमध्ये भाषा या ठिकाणी मराठी घालायची, हे काम मात्र मुलाकडून एकदा करून घ्या. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीवरून मराठी, पुन्हा दाबला की परत इंग्रजी. पहिला धडा : एफ आणि जे या दोन बटणांवर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा आहे, दोन्ही तर्जन्या तिथे. दुसरा धडा 'कमल', पूर्वी आपण पहिलीच्या मुलांना द्यायचो तसाच, के वर क, सी वर म, एन वर ल. मग 'माटोळी' (गणपतीवर बांधतो ती), सी ला म, ई ला काना, इंग्रजी अवतरणचिन्हाच्या बटणावर ट, ए ला ओकार, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ आणि आर ला दीर्घ वेलांटी. पाय मोडायचा तर डी. म्हणजे 'प्रत' लिहायचं तर प, पाय मोड, र, त. पहिल्या वेलांटीला मात्र सुरुवातीला अडखळाल, कारण हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि इथे आधी अक्षर, मग वेलांटी. तोंडाने उच्चार करत टाइप करा म्हणजे क्रम आपोआप बरोबर येतो. 'सुऱ्या', 'दऱ्या' मधला तो अर्धा र हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य.

सुरुवातीला बटणं शोधायला एका ओळीला दहा मिनिटं लागतील. लागू देत. रोज एकच गाणं, जास्त नाही. तुमची बोटं नातीपेक्षा सावकाश चालणार हे उघड आहे, पण माझ्याकडे आलेल्या निवृत्त शिक्षकांचं शुद्धलेखन इतकं पक्कं असायचं की टाइप केल्यावर दुरुस्त करायला फारसं काही उरायचं नाही, तिथे तो वेळ भरून निघतो.

असं लिहिलेलं युनिकोडमध्ये असतं, म्हणजे ती फाइल तुम्ही नातीला पाठवलीत किंवा वीस वर्षांनी कोणी उघडली तरी अक्षरं अक्षरंच दिसतील. पूर्वीच्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं की नुसती चिन्हं दिसायची, कित्येकांची मेहनत त्यात अडकून पडलीय. तेव्हा कोणी जुना फॉन्ट घालून देतो म्हणालं तर नको म्हणा. फाइलला नाव देताना गाण्याच्या पहिल्या ओळीचे शब्द द्या. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर कॉपी, आणि वह्या टाकू नका, मुलाला सांगून आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या, वाळवी काही तुमच्या टाइपिंगसाठी थांबणार नाही.

मुलाला माझा निरोप द्या, की शनिवारी एक तास, एकच गोष्ट, आणि तो तास संपण्याआधी आईने ती गोष्ट त्याच्या मदतीशिवाय तीनदा करून दाखवलेली असली पाहिजे. त्याने दाखवलं म्हणजे शिकवून झालं असं होत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाने एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलाय, रविवारी दहा बाया जमतो पण ज्या एकदोघींना येतं त्याच खुर्चीवर, बाकीच्या मागे उभ्या राहून बघतात आणि घरी जातात. पावसात लाईटही सारखी जाते. कसं करावं? (पेडणे तालुका)

उत्तर : ज्यांना येतं त्यांनी खुर्चीवर बसायचं नाही, हा नियम पहिल्या रविवारीच करा. दोघीदोघींच्या जोड्या करा, एकीच्या हातात माउस आणि दुसरीच्या हातात वही, दहा मिनिटांनी उलट. आणि या रविवारी जी बाई एखादी गोष्ट शिकली तीच पुढच्या रविवारी ती गोष्ट पुढच्या जोडीला शिकवणार. कालच शिकलेली बाई फार चांगलं शिकवते, कारण आपण कुठे अडलो होतो ते तिला अजून आठवत असतं. माझ्यासारखीला ते विसरायला झालेलं असतं.

शिकायला घेताना पेंटमध्ये फुलं काढत बसू नका, मोठ्या बायांना ते पोरखेळ वाटतं आणि त्या यायचं बंद करतात. गटाचाच हिशोब घ्या, कोकम किती, लोणचं किती, कोणाची वर्गणी राहिली. एक्सेलमध्ये खालची बेरीज आपोआप बदलली आणि ती वहीतल्या बेरजेशी जुळली की कुतूहल आपोआप येतं. नाहीतर आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) सरकारच्या साइटवर बघायला घ्या, सर्वे नंबर घरी विचारून यायला सांगा. एरवी त्या कागदासाठी घरातले पुरुष तालुक्याला जातात आणि आपलं नाव त्यात आहे की नाही हे कित्येक बायांनी कधी स्वतः वाचलेलं नसतं. ते नाव स्क्रीनवर स्वतः शोधून काढलं तर पुढच्या रविवारी बोलवावं लागत नाही.

लाईट जाते त्याचं म्हणाल तर पुठ्ठ्यावर की-बोर्ड काढा, खऱ्या मापाचा, दहा जणींचे दहा. लाईट असली तरी ज्यांची पाळी नाही त्या पुठ्ठ्यावर बोटं चालवतात, त्यामुळे मागे उभं राहून नुसतं बघणंही थांबतं. शक्य असेल तर एक छोटा यूपीएस घ्या, निदान सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

आणि चष्मा बघा, हे कोणी सांगत नाही. खाली जवळचा आणि वर लांबचा असा दुहेरी नंबर असला की स्क्रीन नीट दिसायला मान मागे टाकावी लागते, अर्ध्या तासात मान धरते आणि त्या बाईला वाटतं हे कॉम्प्युटर आपल्याला सोसत नाही. स्क्रीन खाली घ्या, नाहीतर खुर्चीवर उशी द्या. अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल धरून अधिकचं बटण, इंटरनेटचं पान लगेच मोठं होतं.

प्रश्न : शेजारच्या काकांचे फोनवरून पैसे गेले तेव्हापासून माझी आई कॉम्प्युटर आणि मोबाईल दोन्हीला हात लावायला तयार नाही. बँकेचं सगळं मीच करतो. असंच चालू द्यावं का? (मडगाव)

उत्तर : नको. आज सगळं तुम्ही करता आणि उद्या तुम्ही बाहेर असताना फोन आला तर त्या काय करणार? ज्याला काहीच माहीत नाही त्याला फसवणं जास्त सोपं जातं. भीती घालवण्यापेक्षा ती नेमकी कशाची बाळगायची ते त्यांना सांगा. पैसे आपल्याकडे येणार असतील तर यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी बँकेलासुद्धा सांगायचा नाही. फोनवरून कोणी एखादं अ‍ॅप घालायला सांगितलं, म्हणजे तुमचा स्क्रीन आम्हाला दिसेल वगैरे, तर फोन ठेवायचा. आज रात्री लाईट कापणार, व्हिडिओ कॉलवर पोलीस, डिजिटल अरेस्ट, असं काही आलं तरी फोन ठेवायचा, डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार कायद्यातच नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन, जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवायची शक्यता जास्त.

हे नुसतं सांगून होत नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीतून फोन करा आणि बँकवाला बनून बोला, आई काय उत्तर देतात बघा. चारपाच वेळा असं केलं की "मी फोन ठेवते" हे वाक्य तोंडात बसतं. ते म्हणायला आपल्या पिढीच्या बायांना जड जातं, समोरचा गोड बोलत असताना फोन तोडणं उद्धटपणा वाटतो, म्हणून ते म्हणून बघायला लागतं. आणि काकांबद्दल आईसमोर "कसे काय फसले" असं म्हणू नका. उद्या आईच्या बाबतीत झालं तर त्या तुमच्यापासून लपवतील.

प्रश्न : माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सरकारी ऑफिसच्या समोरच. गृहआधार योजना, दाखले, लाईट बिल, सगळे फॉर्म लोक माझ्याकडून भरून घेतात. तुमचं पटतं, पण रांगेत पंधरा माणसं असताना मी कोणाला शिकवू? (म्हापसा)

उत्तर : भाऊ, रांग असताना शिकवू नका, फक्त स्क्रीन त्यांच्याकडे फिरवा. एवढंच. आत्ता दुकानात स्क्रीन तुमच्याकडे असतो आणि समोरची मावशी स्क्रीनच्या पाठीमागच्या वायरी बघत उभी असते, तिच्या नावाचं काय लिहिलं जातंय हे तिला शेवटी प्रिंट हातात आल्यावर कळतं आणि नावात चूक असली तर परत रांग. स्क्रीन तिरका करून ठेवला आणि भरता भरता "हे तुमचं नाव, हा तुमचा आधार नंबर, आता सबमिट करतोय" एवढं बोललात तर तुमचा एक मिनिटसुद्धा जास्त जात नाही. चुका तिथल्या तिथे सापडतात. दुसऱ्या तिसऱ्या वेळेला कोणीतरी म्हणेल, मी दाबू का सबमिट? दाबू द्या. ओटीपी आला की त्यांनी स्वतः टाइप करायचा, मोबाईल तुम्ही हातात घ्यायचा नाही, पासवर्ड त्यांच्या कागदावर त्यांना लिहू द्यायचा आणि तुमच्या कॉम्प्युटरवर सेव्ह ठेवायचा नाही. तुम्ही प्रामाणिक आहात, पण त्यांना सवय चुकीची लागायला नको.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना डबल क्लिक जमतच नाही, हात थरथरतो, दोन क्लिकच्या मध्ये माउस हलतो. काही उपाय? (फोंडा)

उत्तर : डबल क्लिक शिकवूच नका. एकदा क्लिक करायचं, ते निळं झालं की माउस सोडून एंटर दाबायचं, तीच फाइल उघडते. तरी त्यांना डबल क्लिकच हवं असेल तर माउसच्या सेटिंगमध्ये त्याचा वेग कमी करता येतो, अगदी सावकाश ठेवा, आणि बाणाचा आकारही तिथेच कुठेतरी मोठा करता येतो, तोही करून द्या.